दोन शिंप्यांचा देव

इ. स. १६५२ च्या फेब्रुवारी महिन्यात लंडन शहरातील क्लार्कनवेलच्या बंदिशाळेत जॉन रॉबिन्स नावाचा एक इसम कैद भोगीत होता. आपण पूर्वी आदामाच्या व त्यानंतर मलकीसदेकाच्या रूपाने पृथ्वीवर वावरून गेलो असून, आता आपल्या पत्नीच्या उदरी मसीहा जन्म घेणार आहे, आणि १,४४,००० निवडक जनांना घेऊन आपण तांबडा समुद्र दुभंगून जैतुनांच्या डोंगरावर जाणार आहोत, असे तो सांगत आला होता. त्या प्रवासाची पूर्वतयारी म्हणून त्याचे अनुयायी अतिशय रूक्ष आहारावर राहत असत. त्याच शहरात टॉमस टॅनी नावाचा एक सोनार होता. त्याने 'थिओरोजॉन' असे नवे नाव धारण केले होते, आपण यहुद्यांचे महायाजक आहोत असे जाहीर केले होते, आणि आदल्याच वर्षी ईश्वरनिंदेच्या आरोपाखाली त्यालाही कैदेची सजा झाली होती. अशा या शहरात ३ फेब्रुवारीच्या सकाळी जॉन रीव्ह नावाच्या, चाळिशी ओलांडलेल्या एका गरीब शिंप्याच्या कानी देवाचा आवाज पडला. ओळीने तीन सकाळी तो पडत राहिला. आणि त्या आवाजाने ज्या कामगिऱ्या नेमून दिल्या, त्यांत टॅनी व रॉबिन्स या दोघांकडे जाऊन त्यांना त्यांच्या अंतिम गतीचा निवाडा ऐकवून यावे, हीही एक होती.

हे वाचून वाचकाला हसू आले तर ते स्वाभाविकच आहे. परंतु एकाच राजधानीत, एकाच ऋतूत, परस्परांना खोटे ठरविणारे तीन देवदूत सापडतात तेव्हा त्यास केवळ तीन डोक्यांतील बिघाड म्हणून चालत नाही. डोक्यातील बिघाड सर्व काळी सारखाच असतो. तो सडकेवर येऊन बोलू लागतो आणि ऐकणारे त्याच्याभोवती जमतात, हे मात्र सर्व काळी घडत नाही.

इंग्लंडात ते घडले याचे कारण ज्या यंत्रणेने माणसांची तोंडे बंद ठेविली होती ती यंत्रणाच अवघ्या काही महिन्यांत मोडून पडली. १६४० पर्यंत त्या मुलखात दर रविवारी आपापल्या हद्दीतील देवळात हजर राहणे हे कायद्याने बंधनकारक होते, गैरहजेरीस दंड होता, उत्पन्नाचा दशमांश पाद्र्याकडे भरावा लागे, आणि बिशपाच्या परवान्यावाचून कोणासही प्रवचन करता येत नसे. यावरचा बंदोबस्त 'हाय कमिशन' नावाचे धर्मन्यायालय पाहत असे, आणि छापखान्यांवरची नजर 'स्टार चेंबर' नावाच्या दुसऱ्या न्यायासनाकडे असे. या दुसऱ्या न्यायासनाने १६३७ साली बिशपांविरुद्ध लिहिणाऱ्या प्रिन, बर्टन व बॅस्टविक या तिघा सुशिक्षित गृहस्थांचे कान भर चौकात कापविले होते. राजा चार्ल्स व पार्लमेंट यांचे वितुष्ट विकोपाला गेले, तेव्हा १६४१ च्या जुलैमध्ये पार्लमेंटने ही दोन्ही न्यायासने एकदमच बरखास्त केली. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये राजाने नॉटिंगहॅम येथे युद्धाचे निशाण उभारले. १६४५ च्या जानेवारीत आर्चबिशप लॉड याचा शिरच्छेद झाला. १६४६ साली बिशपाची गादीच नष्ट करण्यात आली. आणि ३० जानेवारी १६४९ रोजी खुद्द राजाचे मस्तक व्हाइटहॉलच्या राजवाड्यासमोर धडावेगळे करण्यात आले.

या अवधीत काय काय छापले गेले याची साक्ष जॉर्ज टॉमसन या लंडनच्या पुस्तकविक्रेत्याने जपून ठेविली आहे. १६४० च्या अखेरीपासून पुढे वीस वर्षे, हाती येईल ती चोपडी, वृत्तपत्रिका व जाहीरनामा तो विकत घेत गेला आणि पुष्कळांवर मिळाल्याची तारीख टाकीत गेला. हा संग्रह २२,००० हून अधिक नगांचा आहे, आणि त्यांतील दोन हजारांच्या आसपास नग एकट्या १६४२ सालचे आहेत. खुद्द चार्ल्स राजाने यांतली एक चोपडी वाचावयास मागून नेली होती. प्रवासात ती चिखलात पडली आणि डाग घेऊन मालकाकडे परत आली. राज्य हातचे जात असताना चोपडी परत पाठविण्याचे भान ठेवणाऱ्या राजाविषयी माझ्या मनात थोडी सहानुभूती उत्पन्न होते, ती या एका गोष्टीमुळे.

बोलण्याची मोकळीक झाली म्हणजे माणसे राजकारणच बोलतील असे आपण आज समजतो. सतराव्या शतकातील इंग्रज बायबलातून बोलू लागला, कारण त्याच्या घरात एखादे पुस्तक असलेच तर ते हेच, आणि जगाचा इतिहास त्याने जो जाणला होता तोही यातलाच. दानिएलाच्या पुस्तकात चार साम्राज्यांचे स्वप्न आहे; बाबिलोन, इराण, ग्रीस व रोम अशी त्यांची ओळख ठरून गेली होती, आणि पाचवे राज्य ख्रिस्ताचे यावयाचे राहिले होते. प्रकटीकरणाच्या पुस्तकात श्वापदाचा अंक ६६६ दिलेला असल्यामुळे १६६६ हे साल तर जवळ येऊन ठेपलेच होते. सुमारे ५० लाख वस्तीच्या त्या देशात लढाई व तिच्यामागोमाग येणारी रोगराई मिळून दोन लाखांच्या घरात माणसे मेली असावीत असा इतिहासकारांचा अंदाज आहे; ज्याने आपला भाऊ वा मुलगा असा गमाविला आणि पाठोपाठ देवाने अभिषिक्त मानिलेल्या राजाचे शीर कुऱ्हाडीखाली गेलेले पाहिले, त्याला जगाचा शेवटचा अंक चालू आहे असे वाटले तर त्यात वेडेपणा कसला? पाचव्या राज्याची वाट पाहणारे लोक तर फौजेत मोठमोठ्या हुद्द्यांवर होते.

या सर्व मंडळींच्या अगोदर, यंत्रणा अजून शाबूत असताना, भविष्यवाणीचा मार्ग एका सरदारकन्येने चोखाळला होता. लेडी एलिनॉर डेव्हिस ही कॅसलहेवनच्या अर्लची मुलगी. १६२५ च्या जुलैमध्ये दानिएल संदेष्ट्याचा आवाज आपण ऐकिला, असे तिचे म्हणणे. तिच्या पतीने, सर जॉन डेव्हिस या नामांकित कायदेपंडिताने, तिचे कागद चुलीत घातले. तेव्हा तीन वर्षांच्या आत तुम्ही मराल असे सांगून तिने शोकवस्त्रे परिधान केली, आणि १६२६ साली तो खरोखरच मरण पावला. दुसऱ्या पतीनेही कागद जाळण्याचीच चूक केली. आपल्या नावाची अक्षरे फिरविली असता 'हे दानिएला, प्रकट कर' असा अर्थ निघतो, हे तिचे मोठे प्रमाण असे. १६३३ साली हाय कमिशनपुढे तिची चौकशी चालली असता एका न्यायाधीशाने तिच्या नावाच्या दुसऱ्या रूपाची अक्षरे जुळवून 'इतकी वेडी बाई कधी झाली नाही' असे वाक्य तिच्यापुढे ठेविले, आणि न्यायासन हास्यात बुडाले. हसून झाल्यावर त्याच न्यायासनाने तिला ३,००० पौंड दंड ठोठावून कैदेत धाडिले. केवळ वेडी म्हणून जिची थट्टा करावयाची तिला कोणी एवढा दंड करीत नाही. लॉडचा शिरच्छेद झाला तेव्हा ती जिवंत होती. आपल्याला मिळालेली वाणी खरी ठरल्याचे हेच चिन्ह, असा तिचा निर्वाळा होता.

स्त्रियांच्या बाबतीत या वाणीचे महत्त्व विशेष होते. स्त्रीने उपदेश करणे निषिद्धच होते. परंतु बोलणारा देव असेल आणि स्त्री केवळ पात्र असेल, तर निषेध कोणाचा करावयाचा? १६५४ च्या जानेवारीत ॲना ट्रॅपनेल ही एका जहाजबांधणी करणाऱ्या कारागिराची मुलगी, व्हाइटहॉलमध्ये एका धर्मोपदेशकाची चौकशी चालू असता, शेजारच्या खोलीत समाधिस्थ झाली आणि अकरा-बारा दिवस पडल्या पडल्या पद्यात राज्याचा नवा सत्ताधीश क्रॉमवेल याचा धिक्कार करीत राहिली. लोक दर्शनास येत होते, कोणी लिहून घेत होते, आणि त्याच वर्षी ते छापूनही निघाले. याच्या पाच वर्षे आधी एलिझाबेथ पूल नावाची ॲबिंग्डनची एक बाई थेट सेनाधिकाऱ्यांच्या मंडळापुढे गेली होती. १६४८ च्या डिसेंबरात ती म्हणाली की रोगी देशाला बरे करण्याची कामगिरी देवाने फौजेवर सोपविली आहे, तेव्हा सरदारांनी तिचे म्हणणे आदराने ऐकून घेतले. आठवड्याभराने ती पुन्हा आली आणि म्हणाली की राजा हा प्रजेचा पती आहे, पतीचे हात धरता येतील पण त्याचा प्राण घेता येणार नाही. त्याबरोबर तिला हा संदेश आला कसा, दूताने आणिला की दृष्टान्तात दिसला, याची उलटतपासणी सुरू झाली. पहिल्या वाणीच्या वेळी असे प्रश्न फारसे कोणास सुचले नव्हते.

राजवधानंतरच्या दोन-तीन वर्षांत ही लाट शिगेला पोहोचली. विल्यम फ्रँकलिन हा दोर वळणारा कारागीर आपण ख्रिस्त आहोत म्हणून हँपशायर परगण्यात फिरू लागला, आणि मेरी गॅडबरी ही त्याची दैवी वधू बनली. न्यायाधीशांपुढे उभा राहताच फ्रँकलिनने सर्व दावा मागे घेतला, बाईला मात्र चाबूक खावा लागला. अबिएझर कॉप याने पापपुण्याचा भेदच मिटविणारे पुस्तक लिहिले, ते १६५० च्या फेब्रुवारीत सरकारी हुकमाने जाळण्यात आले. लॉरेन्स क्लार्कसन याने तर एकामागून एक पाच-सहा पंथ बदलले, प्रत्येकात काही काळ उपदेशही केला, आणि १६६० साली त्या साऱ्या भटकंतीचा वृत्तांत आपणच लिहून काढिला. १६५० च्या ऑगस्टमध्ये पार्लमेंटने ईश्वरनिंदेचा नवा कायदा केला: आपण स्वतः देव आहोत, किंवा पाप हे पापच नव्हे, असे म्हणणाऱ्यास पहिल्या खेपेस सहा महिने कैद, दुसऱ्या खेपेस हद्दपारी. जुन्या राजवटीच्या मानाने हा कायदा सौम्यच म्हणावा लागेल. पूर्वी मतभेदालाच गुन्हा समजत, आता निदान देव होण्यापर्यंत मजल मारावी लागे.

या कायद्याची खरी कसोटी जेम्स नेलर याच्या प्रकरणात लागली. नेलर हा यॉर्कशायरचा शेतकरी. पार्लमेंटच्या घोडदळात त्याने हुद्द्याची नोकरी केली, आणि १६५२ साली नांगर धरलेला असता देवाची हाक आली म्हणून तो घरदार सोडून निघाला. प्रत्येक मनुष्याच्या अंतःकरणात ख्रिस्ताचा प्रकाश आहे असे मानणाऱ्या क्वेकर पंथात तो पंथसंस्थापक जॉर्ज फॉक्सच्या बरोबरीचा पुढारी होता, आणि वक्तृत्वात तर काहींच्या मते त्याहूनही वरचढ. २४ ऑक्टोबर १६५६ रोजी, धो धो पावसात, तो घोड्यावर बसून ब्रिस्टल शहरात शिरला; मार्था सिमंड्स, हॅना स्ट्रेंजर, डॉर्कस अर्बरी आदी स्त्रिया चिखलातून चालत 'पवित्र, पवित्र' असे गात त्याच्या घोड्याबरोबर निघाल्या होत्या. येशूच्या यरुशलेम-प्रवेशाची ती उघड प्रतिकृती होती. आपण स्वतः ख्रिस्त आहोत असे म्हणण्यास नेलरने शेवटपर्यंत नकार दिला: हे एक चिन्ह होते, आणि तो मान माझ्या देहाला नसून माझ्यातील ख्रिस्ताला होता, एवढेच तो म्हणे.

ब्रिस्टलच्या अधिकाऱ्यांनी त्याला लंडनला रवाना केले, आणि देशाच्या पार्लमेंटने डिसेंबरातील कित्येक दिवस दुसरी सर्व कामे बाजूला सारून या एका माणसाच्या शिक्षेचा खल केला. वास्तविक १६५० च्या कायद्याप्रमाणे पहिल्या गुन्ह्यास सहा महिने कैद एवढीच सजा होती. सभासदांना ती पुरेशी वाटेना. देहान्ताचा ठराव ९६ विरुद्ध ८२ मतांनी फेटाळला गेला. चौदा मतांनी त्याचे प्राण वाचले. मग ठरले ते असे: वेस्टमिन्स्टर येथे मान व मनगटे फळीत अडकवून त्याला दोन तास उभे करावे, तेथून शहरापर्यंत फटके मारीत न्यावे, जिभेला तापलेल्या लोखंडाने भोक पाडावे, कपाळावर ईश्वरनिंदकाचे अक्षर डागावे, मग ब्रिस्टलला नेऊन घोड्यावर उलटे बसवून धिंड काढावी, आणि शेवटी बंदिशाळेत सक्तमजुरीला लावावे. १८ डिसेंबर रोजी त्याला ३१० फटके बसले. २७ तारखेस जीभ व कपाळ यांची पाळी आली, तेव्हा रॉबर्ट रिच नावाचा एक व्यापारी फळीवर चढून त्याच्याशेजारी उभा राहिला. जमाव त्या वेळी ओरडला नाही, माणसे टोप्या काढून उभी होती, असे प्रत्यक्षदर्शी लिहितात. या दोन शिक्षांच्या मध्यंतरी २५ तारखेला क्रॉमवेलने पार्लमेंटास पत्र पाठवून विचारिले होते, की माझ्या संमतीवाचून आपण हा न्यायनिवाडा कोणत्या अधिकाराने केलात? या प्रश्नाला पार्लमेंटाकडून समाधानकारक उत्तर आले नाही. नेलरची शिक्षाही थांबली नाही.

रॉबिन्सचा दावा नेलरहून शतपटींनी मोठा होता. तो आपल्याला सर्वशक्तिमान म्हणवीत होता. पण माफीचे एक पत्र लिहून तो सुटला. नेलरने दावाच नाकारला, तरी त्याच्या जिभेतून सळई गेली. माझ्या मते या भेदाचे कारण धर्मशास्त्रात शोधून सापडणार नाही. रॉबिन्सच्या मागे मूठभर माणसे होती. नेलरच्या पंथाचे अनुयायी तोवर हजारोंनी मोजावे लागत होते, ते दशमांश देण्यास नकार देत, न्यायाधीशापुढे टोपी काढीत नसत, शपथ घेत नसत, आणि उत्तरेकडून सुरू होऊन ब्रिस्टल-लंडनपर्यंत पसरले होते. ज्यांनी आपल्या राजाला मारून सत्ता मिळविली त्यांस दुसऱ्या कोणाच्या मागे चालणारी गर्दी पाहवत नाही. घोडा, पाऊस व गाणाऱ्या बायका हा केवळ पुरावा होता. गुन्हा ती गर्दी होती. नेलर १६५९ साली सुटला, आणि पुढच्या वर्षी घरी परतत असता वाटेत लुटारूंच्या हाती सापडून मरण पावला.

आता आपल्या शिंप्याकडे वळू. रीव्हला आवाजाने सांगितले होते की त्याचा चुलतभाऊ लोडोविक मगल्टन हा त्याचे मुख होईल, जसा अहरोन मोशेचे मुख झाला होता. आणि प्रकटीकरणाच्या अकराव्या अध्यायात ज्या दोन साक्षीदारांचा उल्लेख आहे ते हे दोघेच. मगल्टन हाही शिंपीच, एका नालबंदाचा मुलगा. तरुणपणी एका सावकारी करणाऱ्या घरची सोयरीक जुळत आलेली असता व्याजाचा पैसा पाप आहे म्हणून त्याने ती मोडली होती. (शिंपीकाम आणि भविष्यवाणी यांचे त्या काळी काही गूढ नाते असावे. अराइज इव्हान्स हा वेल्श संदेष्टाही शिंपीच होता; राजपुत्र गादीवर परत येणार हे त्याचे भाकीत खरे ठरले, आणि परतलेल्या राजाचा हात त्याने आपल्या सुजलेल्या नाकावर घासून घेतला. नाक बरे झाले म्हणतात. राजा मात्र दचकला.)

या दोघांचा देव विलक्षण होता. तो निराकार नव्हता, सर्वव्यापीही नव्हता. माणसाएवढ्या उंचीचा, देह असलेला एक पुरुष होता, आणि त्याचा स्वर्ग पृथ्वीपासून अवघ्या सहा मैलांवर होता. तो येशू होऊन पृथ्वीवर उतरला तेव्हा स्वर्गाचा कारभार त्याने एलीया संदेष्ट्याकडे सोपविला होता, आणि क्रुसावरची त्याची हाक या कारभाऱ्यालाच होती. आत्मा देहाबरोबर मरतो आणि शेवटच्या दिवशी त्याच्यासह उठतो. माणसाची तर्कबुद्धी हीच सैतान. आणि सर्वांत विशेष म्हणजे, सृष्टी चालू करून दिल्यावर देव तिच्याकडे लक्ष देत नाही. तेव्हा प्रार्थना, उपास, पूजाविधी या सर्वांचा उपयोग शून्य. उरला तो एकच अधिकार: ज्याने हा संदेश ऐकून नाकारिला त्याला शाप, आणि स्वीकारिला त्याला आशीर्वाद. हा शाप मगल्टनने अर्धशतकभर सढळ हाताने दिला, विशेषतः क्वेकरांना.

१६५३ साली दोघांनाही सहा महिने कैद झाली. रीव्ह १६५८ साली वारला. १६६० साली राजेशाही परत आली. पुढच्या जानेवारीत टॉमस व्हेनर या पिंपे बनविणाऱ्या कारागिराने पाचव्या राज्यासाठी पन्नासेक माणसांनिशी लंडनात शस्त्र उपसले, आणि आठवडा-पंधरवड्यात तो फासावर गेला. त्याच वर्षी या नव्या राजाच्या विवाहाच्या तहात पोर्तुगिजांनी आमचे मुंबई बेट आंदण म्हणून लिहून दिले, म्हणजे त्या यादवीचा शेवट आमच्याही दफ्तरात एका कलमाने नोंदला गेला आहे. व्हेनरसारखे अनुयायी जमवून रस्त्यावर उतरणाऱ्यांची गत ही अशी झाली. मगल्टनच्या पंथात मात्र कोणी कोणाला उपदेश करावयास जात नसे, पुरोहित नव्हता, देऊळ नव्हते. मंडळी दारूच्या गुत्त्यात जमत, जेवत, प्रचलित चालींवर आपली गाणी म्हणत आणि घरी जात. १६७७ साली त्याच्या पुस्तकांबद्दल त्याला तीनदा फळीत उभे करून ५०० पौंड दंड करण्यात आला, पुस्तके त्याच्या समोर जाळण्यात आली, जमावाने त्याच्यावर अंडी व दगड फेकले. पण त्याची जीभ शाबूत राहिली, आणि १६९८ साली अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी तो नैसर्गिक मृत्यूने गेला.

आणि त्याचा पंथ चालू राहिला. त्या कल्लोळात उठलेल्या क्वेकरांनी शांतता व व्यापार यांच्या बळावर जगभर विस्तार केला, ती कथा सर्वांस ठाऊक आहे. इतर संदेष्टे दहा वर्षांत पुसले गेले. मगल्टनचे लोक मात्र कोणाच्या ध्यानीमनी नसताना पिढ्यानुपिढ्या टिकले. दरवर्षी ते रीव्हच्या तीन सकाळींचा सण पाळीत; १७५२ साली इंग्लंडने पंचांग बदलून अकरा दिवस गाळले, तेव्हा त्यांनी ३ फेब्रुवारीचा सण हिशेबाने १४ फेब्रुवारीवर नेला. १८४६ साली त्यांच्यातील आयझॅक फ्रॉस्ट याने सुंदर रंगीत चित्रांसह एक खगोलशास्त्राचा ग्रंथ छापला, त्यात न्यूटनचे खंडन असून सूर्य पृथ्वीभोवती फिरतो.

दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बाँब पडले आणि पंथाचे वाचनगृह आगीत सापडले. केंट परगण्यातील एक फळबागाईतदार, जो स्वतः या पंथाचा होता, आपली फळे बाजारात घेऊन येत असे. परतीच्या गाडीत सफरचंदांच्या रिकाम्या पेट्यांमध्ये त्याने तीनशे वर्षांचे दफ्तर भरले आणि खेड्यात नेऊन ठेविले. १९७० नंतर इतिहासकार ई. पी. टॉम्प्सन या पंथाचा माग काढीत त्याच्या दारी पोहोचले, तेव्हा तो शेवटचाच अनुयायी उरला होता. १९७९ साली तो वारला. ते दफ्तर आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे, टॉमसनच्या २२,००० नगांबरोबर एकाच इमारतीत.